जलप्रलयाच्या कथा : वर्गातील आणि पडद्यावरील

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील गाव. वर्धा नदीच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा मुलूख कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवितो. पावसाळ्यात नद्या-नाले दुथडी भरून वाहू लागले, की या परिसरात पुराच्या आठवणी निघतात. नदीकाठी वसलेल्या मानवाने अशा आठवणी हजारो वर्षांपासून जपल्या असून त्यांतूनच निरनिराळ्या संस्कृतींत जलप्रलयाच्या कथा सांगितल्या गेल्या आहेत.

प्रलयाची पूर्वसूचना

भारतातील जलप्रलयाची प्राचीन कथा शतपथ ब्राह्मणात आढळते. सकाळी हात धुताना मनूच्या हाती एक इवलासा मासा आला. आपले पालन केल्यास येणाऱ्या प्रलयातून आपण मनूला तारू, असे त्याने सांगितले. मनूने त्याला प्रथम घड्यात, नंतर खड्ड्यात वाढविले आणि अखेर समुद्रात नेऊन सोडले. माशाने सांगितलेल्या वर्षी मनूने नौका सिद्ध केली, पाणी चढताच तिचा दोर माशाच्या शिंगाला बांधला आणि तो उत्तरेकडील पर्वतावर सुखरूप पोहोचला. पुढे पुराणांनी या माशाला विष्णूचा अवतार मानले.

आजच्या इराकमधील निनवे येथे असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील मृत्तिकापट सापडले. त्यांवरील जलप्रलयाची कथा जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने १८७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात वाचली. गिल्गमेशच्या महाकाव्यातील या कथेत एआ हा देव बोरूच्या कुडाला उद्देशून बोलतो आणि कुडाच्या आत असलेला उत्नपिष्टिम ते ऐकून नौका बांधतो. बायबलमध्ये नोहाला ईश्वराकडून, तर ग्रीक कथेत ड्यूकेलियनला प्रोमीथियसकडून पूर्वसूचना मिळते. चीनमधील कथा थोडी निराळी आहे. तेथील यू हा वीर पळ काढीत नाही. बांध घालून पाणी अडविण्याचा पित्याचा प्रयत्न फसलेला पाहून तो कालवे खणतो व पुराला समुद्राकडे वाट करून देतो.

साऱ्या पृथ्वीला एकाच वेळी बुडविणारा प्रलय मानवाच्या काळात झाल्याचा पुरावा भूशास्त्राला मिळालेला नाही. नदीकाठच्या वस्त्यांनी सोसलेले मोठे पूर या कथांच्या मुळाशी असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. संकट येण्यापूर्वी कोणीतरी सांगितले व कोणीतरी ऐकले, म्हणून माणूस वाचला, हे यांतील बहुतेक कथांचे सार होय.

सांगणे आणि ऐकणे हाच शिक्षणाचाही पाया आहे. ते समोरासमोर व्हावे की दुरून, हा प्रश्न आज शाळांपुढे आहे.

वर्ध्याचा वारसा

या प्रश्नाचा विचार करताना वर्धा जिल्ह्याला आपल्याच इतिहासाचा आधार घेता येतो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. हीच ‘नई तालीम’ होय. भाषा, गणित, विज्ञान हे विषय हस्तोद्योगाशी आणि मुलाच्या भोवतालाशी जोडून शिकवावेत, हे समवायाचे तत्त्व त्या योजनेच्या केंद्रस्थानी होते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षण दुरून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ‘दीक्षा’ या व्यवस्थेवरील पाठ भ्रमणध्वनीवर पोहोचले. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. या साधनांनी शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही. तथापि, ज्या घरात एकच भ्रमणध्वनी होता आणि तोही वडिलांबरोबर शेतावर जात होता, त्या घरातील मुलापर्यंत पाठ पोहोचणे कठीण होते. कित्येक ठिकाणी शिक्षकांनी पारावर व अंगणात अंतर राखून मुलांना बसविले आणि ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

दोहोंची सांगड

प्रलयकथेचा पाठ घेतल्यास दोन्ही पद्धतींची बलस्थाने स्पष्ट होतात. लंडनमधील मृत्तिकापट किंवा उपग्रहाने टिपलेले वर्धा नदीचे पात्र वडनेरच्या मुलाला पडद्यावरच पाहता येईल. वर्गातला फळा तेथवर जाऊ शकत नाही. परंतु गावच्या नाल्यावर जाऊन मागील पुराची खूण शोधणे, ती टेपने मोजणे, वडीलधाऱ्यांना विचारून पाणी कोणत्या घरापर्यंत आले होते याचा नकाशा काढणे आणि पाणी चढल्यास कोणत्या उंच जागी जायचे हे ठरविणे, यासाठी शिक्षक आणि सवंगडी सोबत असावे लागतात. यात भूगोल आहे, गणित आहे, इतिहासही आहे. समवाय तो हाच.

या पाठाचे मोल केवळ परीक्षेपुरते नाही. ३० जुलै १९९१ रोजी याच वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक लोकांचे प्राण घेतले. आज पावसाचा व पुराचा इशारा भ्रमणध्वनीवर येतो. एआ देवाचा आवाज जसा कुडातून आत गेला, तसाच तो दुरून येतो. पण तो ऐकून मध्यरात्री घर सोडायचे की नाही, हे ऐकणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून असते. मनूने माशाच्या शब्दावर नौका बांधली, त्यापूर्वी कितीतरी दिवस त्याने त्या माशाला सांभाळले होते. विश्वास अशा सहवासातून निर्माण होतो आणि गावातील मुलांना तो सहवास रोज देणारे ठिकाण शाळा हेच आहे. पडद्यावरील ज्ञानाची जोड तिला अवश्य द्यावी. मात्र पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या शाळेने मुलांना एकदा तरी नदीकाठी न्यावे आणि त्यांनी काढलेला पुराचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. एका भ्रमणध्वनीवर आलेला इशारा मग साऱ्या गावाला उमजेल.