कारवीचा फुलोरा आणि बियाण्याचें वर्ष

सह्याद्रीच्या उतारावर ज्यांचीं शेतें आहेत त्यांस कारवीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तिच्या काठ्यांचा कूड उभारून शेणमातीनें लिंपिला म्हणजे भिंत होते. वेलभाज्यांच्या मांडवासही तीच काठी लागते. दप्तरांत असली जमीन वरकस किंवा पोटखराब म्हणून लिहिली जाते. आम्हीही तीं अक्षरें पुष्कळ वर्षें लिहिलीं. परंतु अशा वरकसाखालीं ज्याचें भातखाचर आहे, त्यास तेथील कारवीचें मोल साऱ्याच्या आंकड्यावरून कळावयाचें नाहीं. डोंगराची माती ती धरून ठेवते.

पुरुष-दीड पुरुष उंचीचीं हीं झुडुपें सात वर्षें नुसतीं वाढतात, आणि आठव्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां सारा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो. मुंबईनजीक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत हा फुलोरा २००८, २०१६ व २०२४ सालीं आला. त्या हंगामांत मधमाश्यांस सुकाळ असतो, आणि कारवीचा दाट, काळसर मध मिळतो.

कारवीच्या भावकींत प्रांतपरत्वें भेद आहेत. साताऱ्याजवळ कासच्या पठारावरील टोपली कारवी बुटकी व उपड्या टोपलीसारखी गोल असून सात वर्षांनीं फुलते. दक्षिणेस निलगिरी, पळणी व मुन्नारच्या डोंगरांवरील नीलकुरिंजीची पाळी बारा वर्षांची. मुन्नारास ती २००६ व २०१८ सालीं फुलली. आपली कारवी व ही कुरिंजी, दोघींचा शेवट मात्र एकच. फुलून बीं धरलें कीं झाड मरतें.

घोटाळा होतो तो येथेंच. फुलोरा सरला, काठी वाळली, आतां ती राखून काय उपयोग, असें म्हणून हिवाळ्यांत तोड सुरू होते. उन्हाळ्यांत कोणी वणवा लावतो. पण बीं तोंपर्यंत बोंडांतच असतें. पुढल्या मृगाच्या सरींनीं बोंडें भिजून तडकतात तेव्हां तें उडून जमिनीवर पडतें. तो तडतड आवाज रानांत स्वस्थ उभें राहिल्यास स्पष्ट ऐकूं येतो. त्यापूर्वीं तोड किंवा आग झाली तर झाड मेलेलें आणि बींही गेलेलें! उतार उघडा पडतो, आणि माती खालच्या खाचरांत येऊन बसते.

तेव्हां फुलोऱ्यानंतर पुढील पाऊस लागून बोंडें फुटेपर्यंत कोयता लावूं नये. काठीस एक पावसाळा लागतो व ती थोडी कमकस होते, हें खरें. कुडाची निकडच असेल त्यानें निदान माथ्याकडील पट्टा अखंड राखावा, म्हणजे बीं उतारानें खालीं येईल. रोपें उगवत असतां गुरें त्या अंगास घालूं नयेत.

सगळे डोंगर एकाच सालीं फुलत नाहींत. शेजारच्या गांवची पाळी आपणांस लागू पडेलच असें नाहीं. म्हातारीं माणसें साल सांगतात, पण दोघे म्हातारे दोन सालें सांगतात, असा आमचा दप्तरांतील अनुभव आहे! बोरिवलीची पुढील पाळी हिशेबानें २०३२ सालीं येते. आपल्या डोंगराचें साल सोसायटीच्या वहींत लिहिलेलें असल्यास तोडबंदीचा ठराव आदल्या वर्षींच करतां येईल.