चोडणचे खारे वन

वलगावची पेढी नदी ज्या पूर्णेला मिळते, तिच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, आणि तेथील शेतकऱ्याच्या लेखी खारे पाणी हे पिकाचे वैरीच असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यातच मुळे रोवून वाढणारे अरण्य वऱ्हाडातील वाचकाने मुद्दाम पाहण्याजोगे आहे. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला असे अरण्य राखलेले असून, रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे जाता येते. सुमारे १७८ हेक्टरांचे हे क्षेत्र १९८८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि आदल्याच वर्षी निधन पावलेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव त्याला देण्यात आले. मेळघाटाची सवय असलेल्या डोळ्यांना हा विस्तार नगण्य वाटेल.

पक्षी अभयारण्य या नावामुळे बहुतेक पर्यटक वर पाहत चालतात, परंतु येथील खरे नवल खालच्या चिखलात आहे. भरतीचे पाणी जेथे दररोज चढते आणि उतरते, तेथे वाढणाऱ्या झाडांना खारफुटी म्हणतात. ही झाडे एकाच कुळातील नसून, मिठाशी जुळवून घेण्याच्या त्यांच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. कांदळ हे झाड बहुतांश मीठ मुळांपाशीच अडवते, तर तिवर शोषलेले मीठ पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते, आणि म्हणून कोरड्या दिवसांत त्याच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. चिखलात प्राणवायू फारच कमी असल्याने तिवराची काही मुळे जमिनीतून वर येऊन हवा घेतात. त्यांना श्वसनमुळे म्हणतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच अंकुरते, आणि शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबणारा तो लांब अंकुर गळून चिखलात रुजतो किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे वाहत जातो.

ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर निवटी हे पाण्याबाहेरही वावरणारे मासे उड्या मारताना दिसतात, एकच नांगी अवाढव्य असलेले खेकडे बिळांतून बाहेर येतात, आणि त्यांच्यामागोमाग बगळे, खंड्या व हिवाळी पाहुणे असलेले तुतारी पक्षी उतरतात. पाणमांजर आणि मगर यांचाही येथे वावर आहे, मात्र त्यांच्या दर्शनाची आशा धरून जाऊ नये.

ऑक्टोबर ते मार्च हा भेटीचा योग्य काळ होय. बांधलेल्या पायवाटेने ओहोटीत चिखलातील जीवसृष्टी पाहता येते, तर होडीने आतल्या ओढ्यांत शिरण्यासाठी भरतीच लागते. या दोन्हींमध्ये सुमारे सहा तासांचे अंतर असल्याने भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि सबंध दिवस हाताशी ठेवावा.