एकवीस पत्रींची ओळख

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणरायाला एकवीस प्रकारची पत्री वाहण्याचा प्रघात आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गुरुजी नांव उच्चारतात, यजमान पान वाहतो आणि मुलें प्रसादाची वाट पाहत बसतात. या मुलांपैकीं एखाद्यास 'यांतला आघाडा कोणता?' असें विचारून पाहावें. बहुधा उत्तर मिळत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर अनेक वडील माणसांनाही तें देतां येत नाहीं. बाजारांतून दोऱ्यानें बांधलेली जुडी येते. तिच्यांत काय आहे नि काय नाहीं, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

निसर्गाविषयींचा आपला जिव्हाळा आटला, अशी तक्रार हल्लीं सर्वत्र ऐकूं येते. तो पुन्हा जडावा म्हणून लोक सुटींत डोंगरावर जातात, छायाचित्रें घेतात आणि परत येतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण जिव्हाळा जडण्यास सहवास लागतो, आणि सहवासाचा आरंभ नांव विचारण्यापासून होतो. या आरंभाची सोय आपल्या पूजेंतच आहे.

त्या एकवीसांतील कांहीं मंडळी पाहा. आघाडा हें रस्त्याकडेचें रोप. त्याचा तुरा उभा असतो, पण फळें खालीं वळलेलीं असतात आणि जाणाऱ्यायेणाऱ्याच्या धोतराला चिकटून तीं दूर गांवीं पोंचतात. रुईचें पान खुडतांच पांढरा चीक वाहतो. तेंच पान खाऊन एका फुलपाखराचीं पट्टेदार सुरवंटें वाढतात, आणि त्या चिकाच्या गुणानें पक्ष्यांना तें फुलपाखरूं बेचव लागतें. माका आजीच्या तेलांतला, हादगा फुलांच्या भाजीचा, डोरलीच्या तर पानावरही कांटे! आणि शमी? अज्ञातवासांत पांडवांनीं शस्त्रें ठेवलीं तीं तिच्यावरच.

देवदार मात्र हिमालयाचा. तो आपल्या अंगणांत येणें नाहीं. कालिदासानें रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत याच वृक्षाची कथा सांगितली आहे. शंकरानें देवदारास पुत्र मानलें आणि पार्वतीनें त्यास सुवर्णकुंभांतील पाण्यानें वाढविलें. पुढें एका रानटी हत्तीनें अंग घासून त्याची साल काढली, तेव्हां कार्तिकेय जखमी झाल्यासारखें तिला दुःख झालें. गणरायास आपण त्याच्या पित्यानें पुत्र मानलेल्या वृक्षाचें पान वाहतों, हें मुलांना एकदां तरी सांगावें. झाडाची साल गेल्यानें मन कष्टी व्हावें, इतकी ममता कवीला स्वाभाविक वाटली होती.

आज उलट स्थिति आहे. गांवाबाहेरचीं माळरानें घरांखालीं जातात, आघाडा नि माका नाहींसे होतात, आणि त्यांचें जाणें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. कारण त्यांना ओळखणारेंच कोणी उरलेलें नाहीं.

उपाय घरच्या घरीं होण्याजोगा आहे. हरितालिकेच्या सकाळीं आजोबांनीं वा काकूंनीं चार मुलें बरोबर घेऊन बाहेर पडावें. प्रत्येक झाडाचें नांव सांगावें आणि एकेकच पान खुडावें. एका पानासाठीं फांदी मोडूं नये. धोतरा विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे, याची समज देऊन परतल्यावर हात स्वच्छ धुवावयास लावावे. सातच पत्री मिळाल्या तरी चालेल. उरलेल्यांऐवजीं अक्षता वाहाव्या, शास्त्राला तें मान्य आहे.

मात्र पूजा आटोपली म्हणजे काम संपलें, असें समजूं नये. महिन्याभरानें मुलास तेंच झाड पुन्हा दाखवावें. त्याला फूल आलें कीं फळ धरलें, कीं तेथें आतां कोणी भिंत घातली, हें त्याला पाहूं द्यावें. भिंत दिसून मूल हळहळलें, तर शिकवणें फळास आलें असें समजावें. आणि मग घरांतील वडिलांनीं अंगणांत किंवा गच्चीवरील कुंडींत तें एक रोप त्याच्या हातून लावून घ्यावें.