बारा व्होल्टची बॅटरी, वीस हजार व्होल्टची ठिणगी

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती आणि तिची वीस वर्षांची मुदत संपली. तरी जुन्या पद्मिनी आणि अँबॅसडर हौसेने जपणारे लोक अजून आहेत. अशी गाडी पावसाळ्यातल्या सकाळी सुरू होत नाही, तेव्हा जाणता मेकॅनिक सर्वांत आधी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडतो. त्या मूठभर डब्यात पदार्थविज्ञानाचे दोन-तीन धडे एकत्र नांदत असतात. ते धडे समजले, तर देखभालीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

ठिणगी कुठून येते?

प्लगच्या टोकाशी दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडायला दहा ते वीस हजार व्होल्ट लागतात. बॅटरी तर फक्त बारा व्होल्टची. मग उरलेले व्होल्ट येतात कुठून?

इग्निशन कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या प्राथमिक वेटोळ्यात काही शे वेढे, तर बारीक तारेच्या दुय्यम वेटोळ्यात त्यांच्या सुमारे शंभरपट. प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होते. हा प्रवाह एकदम तोडला की क्षेत्र झपाट्याने कोसळते आणि फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे दोन्ही वेटोळ्यांत दाब प्रवर्तित होतो. प्राथमिक वेटोळ्यात दोन-तीनशे व्होल्ट, म्हणून दुय्यम वेटोळ्यात त्याच्या शंभरपट.

प्रवाह जोडतानाही क्षेत्र बदलतेच. मग तेव्हा ठिणगी का नाही? कारण वेटोळे स्वतःच प्रवाह वाढायला विरोध करते, आणि तो पूर्ण व्हायला काही मिलिसेकंद लागतात. तुटताना मात्र हे काम त्याच्या लहानशा अंशात उरकते. प्रवर्तित दाब बदलाच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणजे सारा खेळ प्रवाह किती झटकन तुटतो याचा आहे, आणि तो तोडण्याचे काम करतात ते पॉइंट.

पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंट म्हणजे टंगस्टनच्या दोन लहान टिकल्या. एक स्थिर, दुसरी स्प्रिंगच्या पट्टीवर. चार सिलिंडरच्या इंजिनात चार उंचवट्यांचा कॅम फिरतो आणि पट्टीची टाच उचलून पॉइंट उघडतो.

पॉइंट उघडू लागतात तेव्हा त्यांच्यातली फट केसाहूनही बारीक असते. वेटोळ्यातला प्रवाह थांबायला तयार नसतो. तो या फटीतूनच उडी मारतो, टिकल्यांवर जाळ होतो आणि प्रवाह झटकन तुटण्याऐवजी रेंगाळतो. ऊर्जा पॉइंटवरच जळून जाते, प्लगपर्यंत पोचत नाही. म्हणून पॉइंटला समांतर एक कंडेन्सर जोडतात. पॉइंट उघडताच प्रवाह या बाजूच्या वाटेने जाऊन कंडेन्सर भारित करू लागतो. फटीवरचा दाब त्यामुळे सावकाश चढतो आणि तोवर टिकल्या पुरेशा दूर गेलेल्या असतात. कंडेन्सर निकामी झाला, तर पॉइंटवर निळसर जाळ दिसतो आणि प्लगवर ठिणगी दुबळी पडते. अशा वेळी नुसते पॉइंट बदलले, तर नवेही लवकरच जळतात.

फट किती ठेवावी?

साधारणपणे ही फट ०.४ ते ०.५ मि.मी. असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हा आकडा म्हणजे एक तडजोड आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर डिस्ट्रिब्युटर त्याच्या निम्मे, म्हणजे १५०० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या. म्हणजे सेकंदाला १००. एका ठिणगीच्या वाट्याला आले १० मिलिसेकंद. त्यातले सहा-सात मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यातच कॉइलमधला प्रवाह पुरेसा वाढायला हवा.

फट जास्त ठेवली, तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो आणि वेगात ठिणगी कमजोर होते. फट कमी ठेवली, तर जाळ वाढतो, कॉइल तापते आणि पॉइंट उशिरा उघडल्याने ठिणगीही उशिरा पडते. वापराने टाच झिजते, तेव्हा हेच घडते. म्हणून आधी फट आणि मग टायमिंग, हा क्रम उलटा करून चालत नाही.

फट मोजताना इंजिन हाताने फिरवून टाच कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर आणावी. फिलर गेजची पट्टी दोन टिकल्यांमध्ये किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू आवळताना पट्टी हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. खडबडीत टिकल्या बारीक कानशीने साफ कराव्यात. पॉलिश पेपरचे कण टिकल्यांत रुतून बसतात. कॅमला वंगण अगदी नखावर मावेल एवढेच. जास्त झाले, तर ते उडून पॉइंटवर जळते.

ठिणगी आधी का?

मिश्रण पेटायला सुमारे दोन मिलिसेकंद लागतात असे धरू. ६०० फेऱ्यांच्या वेगात तेवढ्या वेळात क्रँक ७ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना ३६ अंश. (वेगात ज्योतही जलद पसरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी पुरते.) दट्ट्या वर पोचून खाली निघताना दाब सर्वाधिक हवा असेल, तर वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडायला हवी. पॉइंटखालच्या पट्टीखाली स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला फिरण्याच्या दिशेने थोडे पुढे सरकवतात. ही वजने गंजून अडकली, तर गाडी सुरू होते, पण ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि इंजिन तापते. उलट, ठिणगी फारच आधी पडू लागली, तर इंजिन ठोके देते आणि दट्ट्याला इजा होऊ शकते.

झाकण आणि पावसाळा

झाकणाखाली फिरणारा रोटर हा उच्च दाब चार प्लगना आळीपाळीने वाटतो. पद्मिनीत १-३-४-२ या क्रमाने. वीस हजार व्होल्टना ओलाव्याचा पातळ थर किंवा केसासारखी चीरही वाट म्हणून पुरते. एकदा ठिणगी त्या वाटेने गेली की मागे कोळशाची रेघ उरते, आणि पुढच्या ठिणग्यांना तोच रस्ता सोयीचा होतो. म्हणून झाकण आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे; काळी रेघ दिसली, तर बदलावे. इंजिन चालू असताना या तारांना हात लावू नये.

वर्गात करून पाहा

जुन्या ट्यूबलाइटचा चोक, तीन सेल आणि टेस्टरमधला निऑन दिवा घ्या. निऑन दिवा त्याच्या रोधासह चोकच्या दोन टोकांना जोडा. सेलची जोडणी चोकला लावा आणि झटकन तोडा. उघड्या टोकांना हात लागू देऊ नका, धक्का बसतो. साडेचार व्होल्टवर कधीही न पेटणारा निऑन क्षणभर लुकलुकतो, पण फक्त तोडताना. असे का, ते विद्यार्थ्यांना विचारा. मग पुढचा प्रश्न: ट्यूबलाइटच्या स्टार्टरमध्येही एक लहान कंडेन्सर असतो. चोक, स्टार्टर आणि ट्यूब यांच्या जोड्या कॉइल, पॉइंट आणि प्लग यांच्याशी जुळतात का, आणि कुठे जुळत नाहीत?