ॲम्प्लिफायरपर्यंतचे शेवटचे चार फूट

२००१ साली कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने ‘स्लिम्प-थ्री’ नावाची एक पेटी बाजारात आणली. तिच्यात सीडी घालायची सोय नव्हती, हार्ड डिस्कही नव्हती. एका सॉकेटमध्ये नेटवर्कची केबल खोचायची, दुसऱ्यातून वायर काढून ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे जोडायची, की संगणकातली गाणी दिवाणखान्यातल्या स्पीकरवर वाजू लागत.

जुन्या स्टिरिओशौकिनांनी मात्र नाक मुरडलं, आणि त्याला कारणही होतं. सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांची असते. दोन चॅनेल धरले, तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. त्या काळच्या एमपी-थ्री फाइल्स बहुधा १२८ किलोबिटच्या, म्हणजे अकरा हिश्शांतला एकच हिस्सा उरलेल्या. झांजेचा किणकिणाट चांगल्या स्पीकरवर चक्क फाटका वाटायचा. तोडगा त्याच वर्षी निघाला. जॉश कोल्सनने फ्लॅक या फॉरमॅटची पहिली पक्की आवृत्ती फुकट खुली केली. फाइल साधारण निम्मी होते, पण उलगडल्यावर सीडीवरचा एकही बिट गळालेला नसतो.

पुढची काही वर्षं पेट्यांची रांगच लागली. २००३ मध्ये स्लिम डिव्हायसेसचाच, वायफायवर चालणारा स्क्वीझबॉक्स आला. २००४ मध्ये ॲपलचा एअरपोर्ट एक्स्प्रेस आला; त्याच्या इवल्याशा जॅकमधून साधा आणि ऑप्टिकल, दोन्ही सिग्नल निघत. २००५ मध्ये सोनोसने वेगवेगळ्या खोल्यांत एकच गाणं एकाच वेळी वाजवून दाखवलं. खरा धक्का स्कॉटलंडमधून बसला. टर्नटेबलसाठी नावाजलेल्या लिन कंपनीने २००७ मध्ये नेटवर्क प्लेअर काढला आणि २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तोवर गाणी घरातल्या संगणकातून इंटरनेटवर सरकू लागली होती. २००८ मध्ये स्वीडनमधून सुरू झालेल्या स्पॉटिफायने २०१३ मध्ये ‘कनेक्ट’ आणलं आणि एक महत्त्वाची गोष्ट बदलली. ब्लूटूथवर गाणं मोबाइलमधून पुन्हा एकदा दाबून, काटछाट होऊन पाठवलं जातं, आणि मोबाइल लांब गेला की तुटतं. कनेक्टमध्ये पेटी स्वतःच इंटरनेटवरून गाणं ओढते. मोबाइल उरतो तो फक्त रिमोटपुरता.

२०१५ मध्ये गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ अवघ्या ३५ डॉलरना दिलं आणि कपाटातले जुने ॲम्प्लिफायर पुन्हा बोलू लागले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन गुंडाळलं. मार्च २०२५ मध्ये तर एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ही धडधाकट यंत्रं जगभर एकदम अडली. दुरुस्ती पाठवल्यावर ती सावरली. सोनोसने २०२४ मध्ये नवं ॲप आणलं आणि ग्राहकांचा असा भडका उडाला, की जानेवारी २०२५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना पायउतार व्हावं लागलं.

स्क्वीझबॉक्सचं नशीब वेगळं. लॉजिटेकने २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस विकत घेतली आणि २०१२ मध्ये ही मालिकाच बंद केली. पण तिचं सर्व्हर सॉफ्टवेअर आधीपासून खुलं होतं. हौशी प्रोग्रॅमरांनी ते जोपासलं आणि आज ‘लिरियन’ या नावाने ते रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालतं.

फॉरमॅटच्या लढाईतही असंच खुलं तेच टिकलं. टायडल या संगीतसेवेने उंची आवाजासाठी एमक्यूए हे मालकीचं तंत्र उचलून धरलं होतं. एमक्यूए कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली आणि २०२४ मध्ये टायडल फ्लॅककडे वळली. दरम्यान ॲपलने २०२१ मध्ये एकही बिट न गाळलेलं संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायने त्याच वर्षी असंच संगीत देण्याचा दिलेला शब्द पाळायला मात्र सप्टेंबर २०२५ उजाडला.

या सगळ्या धामधुमीत ॲम्प्लिफायरच्या पाठीमागची लाल-पांढरी सॉकेटं तशीच राहिली. ‘ऑक्स’ लिहिलेल्या जोडीत आजचे बहुतेक स्ट्रीमर, म्हणजे अशा नेटवर्क पेट्या, जोडता येतात. फक्त ‘फोनो’त जोडू नये, ती जागा टर्नटेबलच्या क्षीण सिग्नलसाठी असते आणि तिथे आवाज भसाडा होतो. जमलं तर स्ट्रीमरला राउटरपासून थेट केबल द्यावी. पैसा घालायचा तो स्पीकर आणि ॲम्प्लिफायरवर. स्ट्रीमर मात्र पाच-सात वर्षांत बदलावा लागणार, हे धरूनच बेताच्या किमतीचा घ्यावा.