कितव्या पडद्यावर?

सकाळी साडेसात
बाहेर अजून काळोख आहे. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाचं आणि हेरेस दे ला फ्रोन्तेरा पार पश्चिमेला, त्यामुळे ऑक्टोबरात इथे आठ वाजून गेल्यावर उजाडतं. चहाला उकळी येईपर्यंत मांडीवर बारा मात्रा मोजतो. बारा म्हटलं की माझ्या हाताला एकताल सुचतो, आणि तिथेच घोळ होतो. सोलेआ या प्रकारात वजन तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतं, म्हणजे दोनदा तीन-तीन आणि मग दोन-दोनच्या पायऱ्या. गिटारीचं वाक्य मिटतं ते दहाव्या मात्रेवर. जन्मभर पेटीची साथ केलेल्या माणसाची मान समेवर झुकायला टपलेली असते, आणि वाजवणारा तिच्याआधीच मुक्कामाला पोचलेला असतो.

साडेनऊ
सान हुआन चौकातल्या पेमार्तिन वाड्यात अंदालुसियाचं फ्लामेंको दस्तऐवज केंद्र आहे. माझी नेहमीची खुर्ची, कानाला हेडफोन, पुढ्यात वही. डिसेंबरात पुण्यात पेटी-तबल्याच्या मुलांसाठी श्रवणसत्र करायचं आहे, त्यासाठी वीस ध्वनिमुद्रणं निवडायची. अट एकच: कान गायकाकडे न लावता गिटारवाल्याकडे लावायचा. त्याला इथे तोकाओर म्हणतात.

दहा
पहिला तास नेहमी पट्टी शोधण्यात जातो. गिटारीच्या दांडीवर चिमट्यासारखी एक पट्टी आवळतात, तिचं नाव सेहिया. गायकाचा आवाज जिथे असेल त्या पडद्यावर ती सरकवायची, बोटांच्या ठेवणी त्याच राहतात. आमची स्केलचेंजर पेटी हेच काम करते. पण जुन्या तबकड्यांवर सेहिया कितव्या पडद्यावर होती हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि तबकडीच्या वेगाचाही भरवसा नाही. मिनिटाला 78 फेऱ्यांऐवजी 74 ने फिरवली तर सगळं गाणं जवळजवळ अर्धा स्वर उतरतं. मग मोकळ्या तारा कुठल्या वाजताहेत ते ऐकून अंदाज बांधायचा. आज चार तबकड्यांपैकी दोनच जमल्या. उरलेल्यांपुढे वहीत प्रश्नचिन्ह.

अकरा
आता खरं काम. निन्या दे लोस पेइनेस, म्हणजे सेव्हियाची पास्तोरा पाव्होन. जन्म 1890 चा, ध्वनिमुद्रणं 1910 ते 1950. या बाईच्या आवाजाला अंदालुसियाच्या सरकारने 1999 मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं, एवढा तो मोठा. पण मला तिचा वेगळाच उपयोग आहे. चाळीस वर्षं एकच गळा, आणि शेजारची गिटार बदलत गेलेली. साथीचा अभ्यास करायला याहून सोयीचं काय असणार!

सुरुवातीच्या तबकड्यांवर रामोन मोंतोया आहे. भोंग्यात गाऊन घेतलेलं ध्वनिमुद्रण, गिटार पातळ, जणू पलीकडच्या खोलीत वाजते आहे. तरी एक गोष्ट स्वच्छ कळते. ती ओळ गात असते तोवर हा जवळजवळ नुसती लय धरतो. ती श्वास घेते तेवढ्यात दोन-तीन सुरांचा भरणा, आणि पुन्हा गप्प. आम्ही पेटीवाले गवयाच्या सावलीसारखे मागे लागतो, त्याची प्रत्येक जागा बोटांनी परत करून दाखवतो. फ्लामेंकोचा तोकाओर सहसा गाण्याची चाल वाजवतच नाही. खाली स्वरसंघ धरतो आणि ओळ कुठे टेकणार याचा नेम साधतो. ती टेकली की स्वरसंघ बदललेला हवा. आधी बदलला तर तिला ढकलल्यासारखं वाटतं, उशीर झाला तर ती अधांतरी राहते.

विसाच्या दशकाच्या शेवटी विजेचा मायक्रोफोन आला आणि निन्यो रिकार्दोची गिटार एकदम जवळ ऐकू येऊ लागली. हा बोलघेवडा. गाण्यापूर्वीची फाल्सेता, म्हणजे गिटारीचा एकट्याचा तुकडा, ठासून भरलेली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यात ह्याने इतकी जागा घेतलेली पाहून मी आधी नाक मुरडलं होतं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की गाणं सुरू झाल्यावर तोही तेवढाच सांभाळून असतो.

आणि चाळीसच्या दशकातला मेल्चोर दे मार्चेना. अंगठ्याचा जाड सूर, मध्ये मोकळी जागा, आणि ती जागा भरायची घाई नाही. सत्राची सुरुवात याच्यापासून करावी असं आत्ता वाटतंय. काल मोंतोयापासून करावी असं वाटत होतं.

साडेबारा
मोंतोयाच, पण आता हेरेसच्या आंतोनियो चाकोनसोबत. मालागेन्या हा प्रकार तालमुक्त. मात्राच नाहीत म्हटल्यावर तोकाओरकडे मोजायला काहीच नाही. गायक सूर ताणतोय तोवर धरून ठेवलेल्या स्वरसंघावर थांबायचं, बस्स. आमच्या मुलांना हे कठीण जाणार नाही, आलापात तेच करतात. त्यांना खरा त्रास दहाव्या मात्रेचा होणार.

शेवटी याच गावचा हावियेर मोलिना आणि याच गावचा मानुएल तोर्रे, 1931. मोलिना तेव्हा साठी ओलांडलेला. तरुणपणी तो आणि चाकोन गावोगाव भटकले होते. गिटारीत दिखाऊ काही नाही. तोर्रेचा आवाज फाटतो तिथे मोलिना एक साधा ठोका टाकतो आणि सोडून देतो. दोन वेळा ऐकलं, पुढे काही लिहिलं नाही.

दोन
दुकानं बंद, रस्ते रिकामे. वाटाण्याची उसळ म्हणावी असं काहीतरी खाल्लं. झोपलो.

साडेपाच
खोलीवरच नंतरच्या काळातलं. गायक मानोलो काराकोल आणि साथीला मेल्चोर, 1958 च्या दोन तबकड्या. दिएगो देल गास्तोर: स्टुडिओच्या वाटेला फारसा गेला नाही, त्याला मोरोन गावात आलेल्या परदेशी चाहत्यांनी टेपवर धरून ठेवलं. फेर्नान्दा दे उत्रेराच्या सोलेआमागे तो असला की गिटारीत अर्धवट सोडलेल्या वाक्यांची गंमत येते. मग गायक कामारोन आणि गिटारीवर पाको दे लुसिया, 1969 पासूनचे. इथे माझं भांडण स्वतःशीच. पाको इतका ऐकला गेलाय की मुलं त्याच्याच नादी लागतील आणि साथ विसरून वेग पाहत बसतील. शिवाय पहिल्या वर्षांतला पाको संगतीत किती आज्ञाधारक आहे हे कुणी सांगत नाही. यादीत एकच मुद्रण ठेवलं, तेही सर्वांत संथ.

रात्री साडेनऊ
ताबांको, म्हणजे पिंपातून शेरी देणारी दारूची दुकानं. इथल्या एकात आज गाणं आहे. कोपऱ्यात दोन खुर्च्या, मायक्रोफोन नाही. वादकाने चार सूर छेडले. गायकाने घसा साफ केला, तोंडातल्या तोंडात एक सूर गुणगुणला आणि भुवई किंचित वर केली. वादकाने त्याच्याकडे न बघता सेहिया सोडवली, एक पडदा वर सरकवली, पुन्हा आवळली.

मी वही काढली आणि आकडा लिहिला. तिसरा.