लांबी मोटारीची, कुचंबणा पायांची

पन्नास आणि साठच्या दशकांतील अमेरिकन मोटारींचे नाव काढले, की डोळ्यांसमोर उभी राहते ती त्यांची अवाढव्य लांबी, क्रोमियमचा लखलखाट आणि दिवाणखान्यातील कोचाची आठवण करून देणारी आसने. एवढ्या लांबरुंद मोटारीत पाय पसरायला भरपूर जागा असणारच, असा सर्वसाधारण समज असतो. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात अशा एखाद्या मोटारीच्या मागच्या आसनावर प्रत्यक्ष बसण्याची संधी मिळालेल्यांचा मात्र अनेकदा भ्रमनिरास होतो. गुडघे पुढच्या आसनाच्या पाठीला टेकतात आणि मधल्या प्रवाशाचे पाय जमिनीवरील उंचवट्यामुळे अवघडून जातात.

अठरा-एकोणीस फूट लांबीच्या मोटारीत पायांनाच जागा का मिळू नये? याचे उत्तर असे, की मोटारीचा ऐसपैसपणा तिच्या बाह्य लांबीवर फारसा अवलंबून नसतो. आसन जमिनीपासून किती उंच आहे आणि उपलब्ध लांबीपैकी किती भाग प्रवाशांच्या वाट्याला आला आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो. अमेरिकन मोटारीच्या आसनांचा इतिहास म्हणजे याच दोन गोष्टींच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

लेगरूम मोजतात कशी?

पायांसाठीच्या जागेला मोटारउद्योगात लेगरूम म्हणतात. हे पुढचे आसन आणि मागचे आसन यांच्यातील मोकळे अंतर असावे, असे अनेकांना वाटते. ते तसे नाही. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेच्या पद्धतीनुसार आसनावर ठराविक मापाचा पुतळा बसवतात. त्याच्या घोट्यापासून खुब्याच्या सांध्यापर्यंत सरळ रेषा मोजतात आणि तीत १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर मिळवतात. पुढच्या आसनाची मोजणी ते पूर्णपणे मागे सरकवून केली जाते.

ही रेषा तिरपी असते, हे ध्यानात घ्यायला हवे. खुर्चीइतक्या उंच आसनावर बसले, की मांडी गादीवर टेकते आणि पाय सहज खाली सोडता येतात. आसन बुटके असेल तर पाय पुढे लांबवावे लागतात. पुढे जागा नसेल, तर गुडघे वर येतात आणि मांड्यांचा आधार सुटतो. दोन्ही मोटारींत लेगरूमचा आकडा सारखाच भरू शकतो, पण बैठक अगदी वेगळी असते. शिवाय पुढचे आसन मागे सरकण्याची मर्यादा दोन-तीन इंचांनी कमी केली, तर कागदावर मागची जागा वाढलेली दिसते. म्हणूनच जाहिरातीतील आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही.

टोपी घालून बसता येईल अशी मोटार

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत बहुतेक मोटारींचे मागचे आसन मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच असे. त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा प्रवाशाच्या पाठीपर्यंत पोहोचत असे. क्रायस्लर कंपनीने १९३४ मध्ये आणलेल्या एअरफ्लो या मोटारीत इंजिन पुढे, पुढच्या चाकांवर सरकवण्यात आले आणि मागचे आसन मागच्या चाकांच्या पुढे आणण्यात आले. सारे प्रवासी दोन चाकांच्या मधोमध आल्याने धक्के कमी झाले. पुढच्या आसनावर तिघे जण बसतील एवढी रुंदीही मिळाली. एअरफ्लोचा गोलसर चेहरा ग्राहकांच्या पसंतीस उतरला नाही आणि १९३७ नंतर तिचे उत्पादन थांबले. आसनांची ही मांडणी मात्र पुढे सगळ्यांनीच उचलली.

याच कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असा, की डोक्यावरची टोपी न काढता माणसाला मोटारीत बसता आले पाहिजे. त्या काळातील अमेरिकन पुरुष घराबाहेर पडताना टोपी घालत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहामागचा व्यवहार कळतो. क्रायस्लरच्या १९४९ च्या मोटारी त्यामुळे उंच, चौकोनी आणि बसायला सुखद होत्या. आसने खुर्चीइतकी उंच असल्याचा उल्लेख जाहिरातींतही केला जात असे. पण दिसायला त्या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मोटारींपुढे जुनाट वाटू लागल्या आणि १९५४ मध्ये कंपनीच्या विक्रीत मोठी घसरण झाली.

छप्पर खाली आले

दुसरीकडे जनरल मोटर्सचे मुख्य रचनाकार हार्ले अर्ल यांनी मोटार अधिक लांब आणि अधिक बुटकी करणे हेच आपले ध्येय मानले होते. १९२७ पासून १९५८ पर्यंत त्यांच्या विभागाने अमेरिकन मोटारीला वळण दिले. क्रायस्लरनेही व्हर्जिल एक्सनर या रचनाकाराच्या हाती सूत्रे दिली आणि १९५७ च्या मोटारी आदल्या वर्षीपेक्षा काही इंचांनी बुटक्या होऊन बाजारात आल्या. त्याच वर्षी अनेक कंपन्यांनी चाकांचा आकार १५ इंचांवरून १४ इंचांवर आणला. तोही उंची घटवण्याच्या खटाटोपाचाच भाग होता.

छप्पर खाली आणले, की डोके वाचवण्यासाठी आसन खाली न्यावे लागते. जमीन मात्र हवी तेवढी खाली नेता येत नाही, कारण खाली रस्ता आहे. शिवाय इंजिन पुढे आणि गती मिळणारी चाके मागे, अशी रचना असल्याने इंजिनाची शक्ती मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट प्रवाशांच्या पायांखालून जातो. जमीन जितकी खाली, तितका या शाफ्टवरचा उंचवटा वर येतो. हडसन कंपनीने १९४८ मध्ये जमीन चासीच्या वरच्या कडेपेक्षा खाली बसवून यातून मार्ग काढला. या मोटारीत चढण्याऐवजी एक पायरी उतरून आत जावे लागे. जनरल मोटर्सने १९५७ मध्ये कॅडिलॅकसाठी आणि पुढच्या वर्षी शेवर्लेसाठी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची चासी वापरली. तिच्यात कडेचे दांडे नसल्याने बाजूची जमीन खाली नेता आली, पण मधला उंचवटा अधिकच जाणवू लागला. कडेने होणाऱ्या धडकेत या चासीचे संरक्षण अपुरे पडते, अशी टीकाही झाली.

१९५४ पासून रूढ झालेल्या वळणदार, दोन्ही बाजूंना वळसा घालणाऱ्या पुढच्या काचेने आणखी एक अडचण निर्माण केली. काचेचा खांब खालच्या बाजूला मागे वळत असल्याने दारातून आत शिरताना गुडघा त्यावर आपटत असे. हा प्रकार पुढे मागे पडला.

लांबी गेली कुठे?

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतराला व्हीलबेस म्हणतात. प्रवासी साधारणपणे या अंतरातच बसतात. त्याच्या बाहेरचा भाग बॉनेट, डिकी आणि बंपरांच्या वाट्याला जातो. उंच पंखांसाठी प्रसिद्ध असलेल्या १९५९ च्या कॅडिलॅकची लांबी २२५ इंच, तर व्हीलबेस १३० इंच होता. याचा अर्थ ९५ इंच, म्हणजे जवळजवळ आठ फूट लांबी चाकांच्या बाहेर होती. १९७४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फोर या दोन दारांच्या मोटारीची लांबी २२८ इंच आणि व्हीलबेस अवघा १२० इंच. एकोणीस फुटांपैकी नऊ फूट केवळ दिमाखासाठी! लांब बॉनेट आणि आखूड मागचा भाग हे त्या काळातील ऐटबाज मोटारींचे लक्षण होते आणि त्याची किंमत मागच्या प्रवाशांच्या गुडघ्यांनी चुकवली.

याउलट उदाहरण १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलचे. आदल्या वर्षीच्या २२७ इंचांच्या मोटारीपेक्षा ती सुमारे १५ इंचांनी आखूड होती. १२३ इंचांच्या व्हीलबेसमध्ये मागे चढणे-उतरणे सोपे व्हावे म्हणून तिच्या मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस बसवलेल्या होत्या. तरीही पायांची जागा अपुरी ठरली आणि १९६४ मध्ये व्हीलबेस तीन इंचांनी वाढवून ती मागच्या प्रवाशांना देण्यात आली.

एक बाक, तीन प्रवासी

जुन्या अमेरिकन मोटारीची खरी ओळख म्हणजे पुढचे सलग बाक. तीसच्या दशकाच्या अखेरीस गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेण्यात आला आणि मधली जागा तिसऱ्या प्रवाशासाठी मोकळी झाली. सहा जणांचे कुटुंब एकाच मोटारीत जाऊ लागले. हीच व्यवस्था मुंबईकरांनाही परिचित आहे. जनरल मोटर्सच्या मोटारींची जुळणी १९२८ ते १९५४ या काळात शिवडीत होत असे, तर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लरच्या मोटारी जुळवल्या. त्याच कारखान्याच्या फियाटवरून घडलेल्या पद्मिनी टॅक्सीत पुढचे बाक आणि स्टिअरिंगजवळचा गिअर मुंबईने २०२३ पर्यंत पाहिला.

बाकाचे तोटेही होते. ते संपूर्णच पुढे-मागे सरकत असल्याने बुटक्या चालकाने ते पुढे ओढले, की शेजारच्या उंच प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला भिडत. पुढे विभागलेली बाके आली तेव्हा ही अडचण दूर झाली. अधिक गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा होता. सपाट, गुळगुळीत रेक्झिनच्या बाकावर वळणात शरीराला धरून ठेवणारे काहीच नसे. नॅश कंपनीने १९५० मध्ये आसनपट्टे देऊ केले, पण ग्राहकांनी त्यांना फारसा प्रतिसाद दिला नाही. नव्या मोटारींत पट्टे १९६८ पासून आणि पुढच्या आसनांवर मानेला आधार देणारी उशी १९६९ पासून संघराज्याच्या नियमांनी अनिवार्य केली. तोपर्यंत मधल्या जागेवर बसवलेले मूल अचानक लागलेल्या ब्रेकने थेट डॅशबोर्डवर आदळण्याचा धोका कायम होता.

मऊपणा म्हणजे आराम नव्हे

प्रारंभीच्या आसनांत पोलादी स्प्रिंगांवर कापूस, घोड्याचे केस यांचे थर असत. नंतर नागमोडी तारांच्या स्प्रिंगा आणि फोम आले. सत्तरच्या दशकात तर मऊपणाची शर्यतच लागली. ओल्ड्समोबिलने आपल्या पंचाहत्तरीनिमित्त १९७२ मध्ये काढलेल्या नाइन्टी-एट रीजन्सी या मोटारीत मखमली उशा शिवल्यासारखी आसने होती आणि अनेक कंपन्यांनी त्यांचे अनुकरण केले. दुकानात पाच मिनिटे बसल्यावर अशी आसने मोह घालतात. लांबच्या प्रवासात मात्र कंबरेच्या पोकळीला आधार मिळत नाही, शरीर गादीत रुतते आणि बसण्याची ढब बदलणे अवघड होते. या मोटारींतील सुखाचा मोठा वाटा प्रत्यक्षात आसनांचा नसून मऊ स्प्रिंगा, जाड टायर आणि मोटारीच्या वजनाचा होता.

चेकरचा धडा

फॅशनच्या मागे न लागलेली एक मोटार याच काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर धावत होती. मिशिगन राज्यातील कॅलमाझू येथे तयार होणारी चेकर टॅक्सी १९५६ ते १९८२ या काळात दिसण्यात फारशी बदलली नाही. तिचा व्हीलबेस १२० इंच, म्हणजे मार्क फोरएवढाच! पण छप्पर उंच, आसन खुर्चीसारखे आणि मागची जमीन जवळजवळ सपाट. टॅक्सीत मागच्या प्रवाशांसमोर दोन घडीच्या बैठकाही बसवता येत. सामान घेऊन येणाऱ्या वृद्ध प्रवाशाला वाकून आत शिरावे लागत नसे. न्यूयॉर्कमधील अखेरची चेकर टॅक्सी १९९९ मध्ये निवृत्त झाली.

मोठ्या कंपन्यांना हा धडा इंधनटंचाईने शिकवला. १९७३ च्या तेलसंकटानंतर जनरल मोटर्सने १९७७ च्या मोठ्या मोटारी नव्याने आखल्या. शेवर्ले इंपाला आणि कॅप्रिस १० इंचांहून अधिक आखूड, अरुंद आणि ६०० पौंडांहून अधिक हलक्या झाल्या; व्हीलबेसही साडेपाच इंचांनी घटला. पण उंची वाढवल्याने डोक्यावरची आणि मागच्या पायांची जागा आधीपेक्षा वाढली. डिकीही मोठी झाली. जी लांबी प्रतिष्ठेची मानली गेली होती, तिचा प्रवाशाला उपयोग नव्हता, हे या मोटारींनी सिद्ध केले.

जुनी अमेरिकन मोटार घेऊन तिची डागडुजी करणाऱ्यांनीही हेच सूत्र ध्यानात ठेवणे हिताचे आहे. दबलेल्या स्प्रिंगांमुळे आसन खाली बसते आणि पायांची जागा कमी झाल्यासारखी वाटते. अशा वेळी नुसता जाड फोम भरण्याऐवजी स्प्रिंगा बदलून मूळची उंची परत मिळवावी. आसनपट्टे नव्याने लावायचे झाल्यास ते जुन्या आसनाच्या सांगाड्याला नव्हे, तर मजबुती दिलेल्या जमिनीला बांधावेत. विकत घेण्यापूर्वी घरातील सर्वांत उंच व्यक्तीला पुढे बसवून तिच्याच मागे बसून पाहावे. अमेरिकन ग्राहक गेल्या काही दशकांत सेडान सोडून उंच बैठकीच्या एसयूव्हींकडे वळला आहे. त्यामागे अनेक कारणे असली, तरी न वाकता आत शिरावे आणि खुर्चीवर बसल्यासारखे बसावे, ही केलर यांनी ओळखलेली गरजही त्यांपैकी एक आहे.